फिलिपिनो सिनेमाची सुरुवात: आधी 'हिमाला' की 'इन्सियांग'?

दुबईत किंवा मस्कतमध्ये नोकरी केलेल्या मराठी माणसाचे दोन-चार तरी फिलिपिनो सहकारी असतातच. त्यांच्यातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईला विचारून पाहा, 'नोरा की विल्मा?' चेहरा खुलेल आणि तास-दीड तास गप्पा चालतील. नोरा औनोर आणि विल्मा सांतोस या दोन नायिकांच्या चाहत्यांचे तिथे अक्षरशः दोन पंथ आहेत आणि त्यांना 'नोरानियन' आणि 'विल्मानियन' अशी नावंही आहेत. आपण मात्र या लोकांच्या शेजारी वर्षानुवर्षं बसून त्यांचा एकही सिनेमा पाहिलेला नसतो.

पाहायचं ठरवलं की दोन नावं हमखास पुढे येतात: इश्माएल बर्नाल यांचा 'हिमाला' (1982) आणि लिनो ब्रोका यांचा 'इन्सियांग' (1976). दोन्ही टागालोग भाषेतले आहेत, दोन्हींच्या केंद्रस्थानी एक तरुण मुलगी आहे आणि दोन्हींच्या प्रती नव्याने स्वच्छ करून घेतल्या आहेत. पण त्यांचा पिंड इतका वेगळा आहे की चुकीच्या क्रमाने पाहिले तर एकावर अन्याय होतो.

'हिमाला' म्हणजे चमत्कार. हिमालयाशी त्याचा काही संबंध नाही. कुपांग नावाचं दुष्काळी गाव, सूर्यग्रहणाचा दिवस, टेकडीवर एक वठलेलं झाड. तिथे एल्साला कुमारी मेरीचं दर्शन होतं. मग ती आजाऱ्यांवर हात ठेवते, लोक बरे होतात, बातमी पसरते आणि गावाचं देवस्थान होतं. पाण्याच्या बाटल्या विकल्या जातात, मुक्कामाच्या सोयी उभ्या राहतात, मनिलाहून कॅमेरा घेऊन एक माणूस येतो. उमेश कुलकर्णी यांचा 'देऊळ' पाहिलेल्याला यातलं काहीच परकं वाटणार नाही. अंगात येणं, नवस, कौल हे सगळं पाहत आपण मोठे झालो आहोत. कॅथलिक रीतिरिवाज माहीत नसले तरी ती गर्दी आपल्या ओळखीची आहे.

आता एल्साचं काम करणाऱ्या नोरा औनोरकडे या. बिकोल भागातल्या रेल्वे स्टेशनवर पाणी विकणारी मुलगी 1967 मध्ये गाण्याची राष्ट्रीय स्पर्धा जिंकते आणि पडद्यावर येते. तेव्हा तिथे मिश्र वंशाच्या गोऱ्या, उंच नायिकांची सद्दी होती. ही सावळी, ठेंगणी, आणि तरी देशाची सुपरस्टार झाली. 'हिमाला'त तिच्याभोवतीचे काही कलाकार रंगभूमीच्या सवयीने मोठ्याने बोलतात, हातवारे करतात. ती मात्र जवळजवळ काहीच करत नाही. पापणी न लवणारे डोळे, खालच्या पट्टीतला आवाज, रुग्णाच्या कपाळावर टेकलेले आखडलेले हात. एल्सा खरं सांगते आहे की तिलाच भास झालाय, हे त्या चेहऱ्यावरून कधीच कळत नाही, आणि आपण शेवटपर्यंत त्या चेहऱ्याकडेच पाहत राहतो. त्यामुळेच शेवटी ती टेकडीवर हजारोंच्या जमावासमोर उभी राहून 'वालांग हिमाला', चमत्कार नाही, असं ओरडते तेव्हा अंगावर काटा येतो. दोन तास जपून ठेवलेला आवाज तिथे एकदम मोकळा होतो. ही ओळ फिलिपिन्समध्ये पोराटोरांना पाठ आहे.

यात दोषही आहेत. मधला अर्धा तास रेंगाळतो. कॅमेरावाल्या पात्राच्या तोंडी काही संवाद मुद्दा समजावून सांगण्यासाठीच घातलेत. पण गावात दारूचा अड्डा चालवणारी निमिया, एल्साची बालमैत्रीण, पडद्यावर आली की सिनेमा पुन्हा जागेवर येतो. एक भक्तांच्या गर्दीत, दुसरी गिऱ्हाइकांच्या. दोघी बोलत बसतात ते प्रसंग मला तरी कळसाइतकेच मोलाचे वाटतात.

'इन्सियांग' अशी सवड देत नाही. पहिल्याच दृश्यात कत्तलखान्यात डुकराच्या गळ्यात सुरा जातो. त्यानंतर टोंडो, मनिलातली झोपडपट्टी: फळ्यांच्या भिंती, चिखल, सतत कोणीतरी ऐकतंय अशी दाटी. आई तोन्या सासरच्या माणसांना घराबाहेर काढते आणि स्वतःपेक्षा वयाने लहान असलेल्या दादोला घरात आणते. तो कत्तलखान्यातच कामाला असतो. त्याची नजर तोन्याच्या मुलीवर, इन्सियांगवर असते. पुढचं सांगत नाही, पण लैंगिक अत्याचार दोन्ही चित्रपटांत आहे हे आधीच माहीत असावं. घरातल्या वडीलधाऱ्यांसोबत किंवा मुलांसोबत बसून पाहण्याचे हे सिनेमे नाहीत.

इथे अभिनयाची जुगलबंदी आहे. इन्सियांग झालेली हिल्डा कोरोनेल तेव्हा विशीच्या आतबाहेरची होती. चेहरा गोरा, नाजूक, नोराच्या अगदी उलट, त्या वस्तीत उठून दिसणारा, आणि कथेला नेमकं तेच हवं होतं. पूर्वार्धात ती धुणं धुते, शिव्या खाते, मान खाली घालते. प्रियकर तिला स्वस्तातल्या हॉटेलात सोडून निघून जातो आणि तिथून तिचे डोळे बदलतात. रडणं थांबतं, ती हसायला लागते, आणि त्या हसण्याची भीती वाटते. समोर आईच्या भूमिकेत मोना लिसा, युद्धाआधीच्या काळातली नायिका. तिचा कर्कश आवाज, उतारवयात मिळालेल्या पुरुषाला धरून ठेवण्याची तिची धडपड, मुलीच्या तरुणपणाचा मत्सर. तिला नुसती खाष्ट म्हणून सोडून देता येत नाही. मायलेकींच्या शेवटच्या भेटीत दोघी किती थोडं बोलतात आणि काय काय बोलायचं राहून जातं, ते पाहण्यासाठी मी हा सिनेमा परत लावतो.

चित्रपट म्हणून मला 'इन्सियांग' जास्त घट्ट वाटतो. दीड तासाच्या आसपास लांबी, एकही प्रसंग फुकट नाही. 1978 मध्ये तो फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि जगाचं लक्ष ब्रोकांकडे वळलं. तरीही पहिल्यांदा बसणाऱ्याला मी 'हिमाला'च सुचवतो. 'इन्सियांग'च्या वेगानंतर 'हिमाला' संथ वाटतो आणि नोराचं ते काहीच न करणं नजरेतून निसटतं. उलट क्रमाने दोन्ही खुलतात. मात्र सबटायटलवर दोन तास टिकणार नाही असं ज्याला वाटतं, किंवा गावाकडच्या गोष्टींपेक्षा ज्याला शहराचा कोंडमारा जवळचा आहे, त्याने बिनधास्त 'इन्सियांग'पासून सुरुवात करावी.

जुने सिनेमे नकोच असतील तर ब्रिलांते मेंदोसा यांचा 'मा रोझा' (2016) आहे. हलता कॅमेरा, पाऊस, पोलिसांची लाचखोरी. डोकं दुखेल अशी धावपळ. जॅकलिन होसे यांना त्यासाठी कानमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला आणि पडद्यावर त्यांच्या मुलीचं काम त्यांच्या खऱ्या मुलीनेच केलंय. किराणावाली रोझा नवऱ्यासकट पकडली जाते, सुटकेचे पैसे जमवायला तिची मुलं बाहेर पडतात आणि उरलेल्या पैशांसाठी शेवटी ती स्वतः. शेवटी रस्त्यावर उभी राहून काडीला टोचलेले माशाचे गोळे खाते, समोर एक कुटुंब आपली विक्रीची गाडी आवरत असतं, आणि घास तोंडात असतानाच तिचे डोळे भरून येतात. ती रडते आणि चावत राहते.