चार रविवार आणि जपानची बैलचाल

जळगावातील एका अभ्यासिकेने यंदाच्या पावसाळ्यात ‘जपानच्या संसदीय राजकारणातील विरोधी पक्षनेता’ या विषयावर चार रविवारांचा एक वर्ग चालवला. ८०० रुपये शुल्क भरून त्याला मी सलग चारही रविवार हजर राहिलो. शुल्कात चाळीस पानांची टिपणवही आणि दर वेळचा चहा धरलेला होता. राज्यसेवेची तयारी करणाऱ्या मुलांसाठी वर्ग असेल, अशा समजुतीने गेलो होतो. प्रत्यक्षात आम्ही अठरा जण होतो आणि त्यात निम्मे पन्नाशी ओलांडलेले होते. दोन निवृत्त शिक्षक, एक वकीलबाई आणि पारोळ्याकडचे कापूस पिकवणारे एक आप्पा ही मंडळी मला विशेष लक्षात राहिली. शिकवणारे सर निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांचे वाचन दांडगे आहे, मात्र घड्याळाशी त्यांचे फारसे सख्य नाही.

आधी तक्रार नोंदवतो, कारण ती छापील मजकुराविषयी आहे आणि पुढच्या तुकडीपूर्वी सहज दूर करता येण्याजोगी आहे. टिपणवहीच्या तिसऱ्या पानावर जपानमध्ये विरोधी पक्षनेत्याला मंत्रिपदाचा दर्जा असतो, असे छापले आहे. हे आपल्याकडचे चित्र उचलून तिकडे चिकटवल्यासारखे झाले. भारतात १९७७ च्या कायद्याने संसदेतील विरोधी पक्षनेत्याला वेतन, भत्ते आणि मान्यता मिळते. जपानमध्ये असे कायद्याने निर्माण केलेले पद नाही. सत्तेबाहेरील सर्वांत मोठ्या पक्षाचा प्रमुख हाच व्यवहारात विरोधी पक्षनेता मानला जातो आणि त्याचे वजन त्याच्या पाठीशी असलेल्या संख्येवर ठरते. त्याच वहीत समाजवादी नेते इनेजिरो आसानुमा यांची हत्या संसदेत झाल्याचे म्हटले आहे. ती १२ ऑक्टोबर १९६० रोजी टोकियोच्या हिबिया सभागृहात झाली. पक्षप्रमुखांची जाहीर सभा चालू असताना सतरा वर्षांच्या एका मुलाने व्यासपीठावर चढून त्यांना तलवारीने भोसकले होते. सरांनी तोंडी दोन्ही गोष्टी बरोबर सांगितल्या, त्यामुळे वही त्यांच्या नजरेखालून गेली नसावी, एवढाच निष्कर्ष मी काढला.

पहिला रविवार इतिहासाचा होता आणि तो थोडा घाईत उरकला गेला. १९५५ साली समाजवादी पक्षाचे दोन गट एकत्र आले, त्याच वर्षी पुराणमतवाद्यांनी लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष स्थापन केला आणि पुढची ३८ वर्षे सत्ता त्या एकाच पक्षाकडे राहिली. सरांनी इथे सांगितलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. १९५८ नंतर समाजवादी पक्षाने कनिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत बहुमताला पुरतील एवढे उमेदवारच उभे केले नाहीत. एकेका मतदारसंघातून तीन ते पाच जण निवडून देण्याच्या त्या वेळच्या पद्धतीत आपलेच उमेदवार एकमेकांची मते खाण्याचा धोका होता, म्हणून पक्ष हातच्या जागा राखण्यात समाधान मानू लागला. म्हणजे निकाल लागण्यापूर्वीच विरोधी पक्षाचा प्रमुख पंतप्रधान होणार नाही हे ठरलेले असे. यावर आप्पांनी अहिराणीत सरळ विचारले, “मंग त्या इरोधी पक्षना काय उपयोग शे?” सर हसले आणि म्हणाले, “आप्पा, तिसऱ्या रविवारी उत्तर देतो.” ते त्यांनी दिलेही, पण त्याकडे येण्यापूर्वी दुसऱ्या रविवारचे थोडे सांगायला हवे.

दुसरा रविवार व्यक्तींचा होता. आसानुमांच्या हत्येनंतर सहाच दिवसांनी ज्यांनी संसदेत त्यांना श्रद्धांजली वाहणारे भाषण केले, ते त्यांचे प्रतिस्पर्धी आणि तत्कालीन पंतप्रधान हायातो इकेदा होते. हल्ला झाला तेव्हा तेही त्याच सभेला उपस्थित होते. हा प्रसंग सरांनी आवाज न चढवता सांगितला आणि वर्ग गप्प झाला. त्यानंतर ताकाको दोई यांचा भाग आला. १९८६ मध्ये त्या समाजवादी पक्षाच्या प्रमुख झाल्या. एखाद्या मोठ्या जपानी पक्षाचे नेतृत्व स्त्रीकडे जाण्याची ती पहिलीच वेळ होती. १९८९ च्या एप्रिलमध्ये तीन टक्के उपभोग कर लागू झाला, त्या रागावर आणि सत्ताधाऱ्यांच्या लाचखोरीवर स्वार होत जुलैमध्ये त्यांच्या पक्षाने वरिष्ठ सभागृहाच्या ४६ जागा जिंकल्या आणि सत्ताधाऱ्यांचे तिथले बहुमत गेले. त्या सभागृहाने पंतप्रधानपदासाठी दोई यांचे नावही निवडले. मात्र दोन सभागृहांत मतभेद झाला तर राज्यघटनेच्या ६७ व्या कलमानुसार कनिष्ठ सभागृहाची निवड ग्राह्य धरली जाते, त्यामुळे तोशिकी काइफु पंतप्रधान झाले. १९९३ मध्ये दोई कनिष्ठ सभागृहाच्या पहिल्या महिला सभापती झाल्या. वकीलबाईंनी या भागावर बरेच प्रश्न विचारले आणि सरांनी एकही टाळला नाही.

तिसऱ्या रविवारसाठी तरी हा वर्ग करावा. आप्पांच्या प्रश्नाचे उत्तर सरांनी फळ्यावर एकच आकडा लिहून दिले : १५०. जपानी संसदेचे नियमित अधिवेशन जानेवारीत भरते, ते १५० दिवसांचे असते आणि त्याला एकदाच मुदतवाढ देता येते. अधिवेशन संपेपर्यंत मंजूर न झालेले विधेयक, ते पुढे चालू ठेवण्याचा वेगळा ठराव झाला नाही तर, आपोआप बाद होते. शिवाय सभागृहात कोणते काम कोणत्या दिवशी घ्यायचे हे सरकार ठरवत नाही, ते सभागृहाच्या समित्या आणि पक्ष आपसांत ठरवतात. म्हणजे मतदानात हमखास हरणाऱ्या विरोधी पक्षनेत्याकडेही एक खरी सत्ता उरते आणि ती वेळ खाण्याची असते. केळीचा ट्रक वेळेवर निघाला नाही तर मालाचे काय होते हे रावेर-यावलच्या माणसाला सांगावे लागत नाही. विधेयकाचेही तसेच आहे, असे सर म्हणाले आणि आप्पांची मान डोलली.

त्यानंतर सरांनी बैलचाल करून दाखवायला लावली. मतदानाच्या वेळी विरोधी खासदार मतपेटीकडे अत्यंत सावकाश पावले टाकत जातात, या डावपेचाला जपानीत ‘ग्युहो’ म्हणजे बैलाची चाल म्हणतात. तिकडे नावानिशी मतदान लाकडी पट्ट्यांनी होते, बाजूने असेल तर पांढरी आणि विरोधात असेल तर निळी. आमच्यासाठी जुन्या लग्नपत्रिकांच्या पट्ट्या कापून रंगवल्या होत्या आणि माझ्या निळ्या पट्टीच्या मागे ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ एवढे शाबूत होते. खोली जेमतेम तीस फूट लांब असेल. नियम असा होता की थांबायचे नाही, मागे वळायचे नाही, फक्त हळू चालायचे. अठरा जणांचे मतदान उरकायला चाळीस मिनिटे लागली. पोळ्याच्या मिरवणुकीत बैल कसे अडून अडून चालतात ते आप्पांना ठाऊक असल्यामुळे एकट्या त्यांनीच सात मिनिटे घेतली. माझ्या पोटऱ्या भरून आल्या. १९९२ च्या जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत जपानी सैनिक पाठवण्याच्या विधेयकावर समाजवादी खासदार अशाच चालीने रात्र रात्र चालले होते, हे त्या दुखण्यामुळे कायमचे लक्षात राहिले.

सरांनी या प्रकाराचा गौरव केला नाही, हेही नमूद करायला हवे. शांतिसेनेचे विधेयक त्याच महिन्यात मंजूर झाले आणि पुढच्याच महिन्यातील वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत समाजवादी पक्ष ४६ वरून २२ जागांवर आला. याच ओघात तेव्हाचे विरोधी पक्षनेते युकिओ एदानो यांचेही उदाहरण आले. २० जुलै २०१८ रोजी अविश्वास ठरावावर ते २ तास ४३ मिनिटे बोलले, आणि १९७२ पासूनच्या नोंदींत कनिष्ठ सभागृहातील ते सर्वांत लांब भाषण ठरले. ठराव फेटाळला गेला आणि कॅसिनोला वाट मोकळी करणाऱ्या ज्या विधेयकाला विरोध होता तेही त्याच दिवशी मंजूर झाले. अविश्वास ठरावाविषयी सर म्हणाले की युद्धोत्तर काळात तो १९४८, १९५३, १९८० आणि १९९३ असा चारदाच संमत झाला आहे. शेवटच्या दोन वेळी तर विरोधकांच्या ताकदीपेक्षा सत्ताधारी पक्षातील फूट कारणीभूत होती. १९८० मध्ये सत्ताधारी पक्षातीलच गट मतदानाला फिरकले नाहीत, ठराव अनपेक्षितपणे संमत झाला, प्रचार चालू असताना पंतप्रधान ओहिरा यांचे निधन झाले आणि सहानुभूतीच्या लाटेत त्यांचाच पक्ष दणक्यात निवडून आला. ठराव मांडणाऱ्यांच्या हाती काय लागले, हे सरांनी आमच्यावर सोडले.

चौथा रविवार त्या मानाने विस्कळीत झाला. वीज गेल्याने प्रोजेक्टर बंद पडला, आणि २००० पासून रीतसर सुरू झालेल्या पक्षप्रमुखांच्या ४५ मिनिटांच्या वादसत्राची चित्रफीत पाहायची होती ती राहून गेली. ब्रिटिश प्रश्नोत्तरांच्या धर्तीवरची ही पद्धत कागदावर छान दिसते, पण २०२१ च्या जूननंतर पुढचे सत्र थेट २०२४ च्या जूनमध्ये झाले, यावरून तिचा जीव किती ते कळते. तरीही १४ नोव्हेंबर २०१२ चे सत्र पाहायला मिळायला हवे होते. त्यात पंतप्रधान योशिहिको नोदा यांनी समोर बसलेल्या विरोधी पक्षनेते शिंझो आबे यांना उद्देशून दोन दिवसांत सभागृह विसर्जित करण्याची तयारी जाहीर केली. पुढच्या महिन्यात नोदा यांचा पक्ष ५७ जागांवर घसरला. तेच नोदा २०२४ च्या सप्टेंबरमध्ये काँस्टिट्यूशनल डेमोक्रॅटिक पक्षाचे प्रमुख, म्हणजे विरोधी पक्षनेते झाले. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेला असा माणूस अभ्यासायला मिळणे दुर्मीळ आहे, पण त्यांच्या वाट्याला वर्गात पंधरा मिनिटे आली.

ऑक्टोबर २०२४ च्या निकालावर मात्र सरांनी अंधारातच उत्तम विवेचन केले. ४६५ पैकी २१५ जागांवर सत्ताधारी आघाडी थांबली, तरी ११ नोव्हेंबरला संसदेत झालेल्या पंतप्रधान निवडीच्या दुसऱ्या फेरीत तत्कालीन पंतप्रधान शिगेरू इशिबा यांना २२१ आणि नोदा यांना १६० मते पडली, तर ८४ मते बाद ठरली. इतर विरोधी पक्षांच्या अनेक सदस्यांनी दोघांपैकी कोणाचेही नाव न लिहिता आपल्याच नेत्याचे नाव लिहिले होते. सत्ता हुकली, पण अर्थसंकल्प समितीचे अध्यक्षपद विरोधकांकडे आले आणि पुढच्या वर्षीचा अर्थसंकल्प संसदेत दुरुस्त होऊनच मंजूर झाला. वर्ग या टप्प्यापाशी थांबतो. त्यानंतरच्या घडामोडी तो घेत नाही, हे नाव नोंदवताना सांगितले गेले असते तर बरे झाले असते.

मला जाणवलेली वर्गाची सर्वांत मोठी उणीव दुसरीच आहे. पक्षांच्या संसदीय कामकाज समित्या बंद दाराआड बसून कोणते विधेयक कधी घ्यायचे, कोणाला किती वेळ द्यायचा, कुठे अडवायचे आणि कुठे सोडायचे याचे सौदे करतात. बैलचाल जगाला दिसते, पण ती किती वेळ चालवायची याचा अंदाज बहुधा आधीच्या बैठकीत आलेला असतो. या विषयाला चार रविवारांत दहा मिनिटेही मिळाली नाहीत. दूध संघाच्या किंवा बाजार समितीच्या निवडणुका जवळून पाहिलेल्या आमच्यासारख्या श्रोत्यांना हा भाग सर्वांत लवकर उमगला असता. पहिल्या रविवारचा इतिहास अर्ध्यावर आणून तिथे ही जागा करावी, असे मी लेखी कळवले आहे.

८०० रुपये मला जास्त वाटले नाहीत. खुर्च्या प्लॅस्टिकच्या आहेत, चहा गोड आहे, वहीवर विसंबू नये, सरांच्या तोंडून ऐकावे. भुसावळकडून येणाऱ्यांनी मात्र वर्ग साडेसातला सुटेल या भरवशावर परतीची गाडी ठरवू नये. बैलचालीच्या रविवारी आम्हाला साडेआठ वाजले.