मासा-भाज्यांचा स्टू: काट्यासकट तुकड्या की बिनकाट्याचा मासा?

चार माणसांच्या स्टूला बिनकाट्याचा मासा 600 ग्रॅम पुरतो, काट्यासकट तुकड्या घेतल्या तर 900 ग्रॅम तरी लागतात. बाकी साहित्य दोन्हीकडे सारखंच: 300 ग्रॅम बटाटे, 2 गाजरं, 1 मोठा कांदा, 2 टोमॅटो, 4-5 लसूण पाकळ्या, 2 मोठे चमचे तेल, 1 लिटर पाणी. फरक पडतो तो रसात आणि जेवताना.

बिनकाट्याचा मासा

काम सुटसुटीत. कांदा-लसूण परतायचा, पाणी आणि 2 सेंटिमीटरच्या बटाटा-गाजराच्या फोडी घालून 12-15 मिनिटं शिजवायच्या, मग टोमॅटो, आणि शेवटी 3-4 सेंटिमीटरचे माशाचे तुकडे. मंद आचेवर 4-6 मिनिटं बास. मुलं आणि वयस्कर माणसं निर्धास्तपणे जेवतात.

अडचण एकच, पण मोठी: रस पाणचट होतो. रसाला दाटपणा देणारं जिलेटिन काटे, डोकं आणि कातडीतून उतरतं, आणि इथे ते जवळजवळ नसतंच. मग चव यावी म्हणून मासा जास्त वेळ उकळला जातो. त्याने रस फारसा सुधारत नाही, मासा मात्र हमखास बिघडतो. माशाचं मांस 60 अंश सेल्सिअसच्या आसपासच शिजतं; त्यापुढे तापत राहिलं की आकसून आतलं पाणी सोडतं आणि कोरडं पडतं, शिवाय पाकळ्या जोडून ठेवणारा भाग विरघळल्याने तुकडे फुटतात. त्यापेक्षा कांदा 10 मिनिटं मंद आचेवर पूर्ण मऊ होऊ द्यावा आणि शिजलेल्या बटाट्याच्या चार-पाच फोडी रसातच कुस्कराव्यात.

काट्यासकट तुकड्या

अडीच सेंटिमीटर जाडीच्या तुकड्यांना 8-10 मिनिटं लागतात. मधल्या काट्यालगतचं मांस शेवटी शिजतं, तिथे ते काट्यापासून सहज सुटलं की आच बंद. रस चांगला अंगाचा होतो आणि तुकडा ओलसर राहतो. पण डाव फिरवला की तुकडा मोडतो, आणि सुटलेले बारीक काटे भाज्यांत मिसळतात. भातात काटा शोधणं जमतं, बटाट्याच्या मऊ फोडीत तो दिसत नाही. म्हणून मासा घातल्यावर ढवळायचं नाही, पातेलं दोन्ही कानांनी धरून हलवायचं.

तिसरा मार्ग, आणि आमचा कौल

वेळ असेल तर दीड किलोचा, पांढऱ्या मांसाचा अख्खा मासा घ्या, बिनकाट्याचा करून मागा आणि डोकं-काटेही सोबत आणा. मांस साधारण 600-700 ग्रॅम निघतं. डोक्यातले कल्ले काढलेच पाहिजेत, ते राहिले तर रस कडवट होतो. कण्यालगतचं काळपट रक्तही धुवून टाका. सव्वा लिटर थंड पाण्यात डोकं-काटे, अर्धा कांदा आणि 5-6 मिरे घालून गॅसवर ठेवा, वर आलेला फेस काढा आणि मंद आचेवर 25 मिनिटं ठेवून बारीक चाळणीतून गाळा. जास्त वेळ ठेवल्याने चव वाढत नाही, उलट खडूसारखी होऊ लागते. खळखळून उकळल्यास रस गढूळ होतो. हेच पाणी भाज्यांना वापरायचं. एकूण अर्धा तास वाढतो, आणि तो पूर्ण वसूल होतो. तेलकट माशाचे काटे मात्र यासाठी घेऊ नका, वास उग्र येतो.

कोणताही मार्ग घेतला तरी

टोमॅटो बटाट्याच्या आधी घालू नये. आंबटपणामुळे बटाटा लवकर मऊ होत नाही आणि अर्धा तास उकळूनही मधे कचकचीत राहतो. माशाला किलोला 10-12 ग्रॅम मीठ लावून 15 मिनिटं ठेवा, मग टिपून घ्या: मांस घट्ट होतं आणि रसात पांढरे कण कमी सुटतात. हे मीठ धरूनच रसाचं मीठ घाला. गोठवलेला मासा फ्रिजमध्ये पूर्ण सुटू द्या, नाहीतर त्याचं पाणी थेट रसात जातं.

उद्यासाठी ठेवायचा असेल तर भाज्यांचा रस तेवढा आज करून फ्रिजमध्ये ठेवा आणि मासा उद्या घाला. शिजलेला मासा पुन्हा गरम केला की कोरडा होतोच. रस गोठवायचा असल्यास बटाटे काढून ठेवा, ते गोठून सुटल्यावर रवाळ होतात.