अनाथ-दत्तक कथांचे कपाट : जळगावातील एका वाचनालयाविषयी

जळगावातील एका खाजगी वाचनालयाने अनाथ आणि दत्तक मुलांच्या कथा-कादंबऱ्यांसाठी स्वतंत्र कपाट ठेवले आहे. दत्तक मूल घरी आणू पाहणाऱ्या एका नातलग दांपत्यासाठी पुस्तके हवी होती, म्हणून मी तेथे सभासद झालो. व्यवस्थेविषयी तक्रारीला जागा नाही : अनामत माफक आहे, पुस्तकांना खाकी कव्हरे आहेत आणि भुसावळ-पाचोऱ्याहून रेल्वेने ये-जा करणाऱ्यांच्या सोयीसाठी दार संध्याकाळी उशिरापर्यंत उघडे असते. निवडीविषयी मात्र लिहिण्यासारखे बरेच आहे.

वरच्या खणांत अनुवादित बालसाहित्य आहे. तेथे अनाथपण ही बहुधा लेखकाची सोय असते. आईवडील पहिल्या प्रकरणाआधीच दूर केले की रात्री-अपरात्री साहसाला निघालेल्या मुलाला अडवणारे कोणी उरत नाही. 'ऑलिव्हर ट्विस्ट'चे तसे नाही. १८३४ च्या गरिबांविषयीच्या कायद्यानंतर इंग्लंडमधील वर्कहाउसांत, म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात ठेवणाऱ्या आश्रयगृहांत, गरिबांचे जे हाल झाले त्यांवर डिकन्सचा रोख होता, आणि १८३७ पासून क्रमशः आलेल्या त्या कादंबरीतील भूक आजही खरी वाटते. तरीही शेवटी ऑलिव्हर चांगल्या घराण्यातला निघतोच, आणि त्याच्यासोबत उपाशी राहिलेली बाकीची मुले वाचकाच्या नजरेआड होतात.

मराठी खणातील सर्वांत जीर्ण प्रत अर्थातच 'मृत्युंजय'ची. शिवाजी सावंतांनी १९६७ च्या या कादंबरीत कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण यांना निवेदन दिले आहे; पाण्यातून वाहत आलेले मूल ज्या राधेने वाढवले तिला दिलेले नाही. जन्म देऊन सोडणारीची व्यथा आपण तिच्याच तोंडून ऐकतो, सांभाळणारीची मात्र इतरांकडून कळते. कादंबरीची थोरवी याने उणावत नाही, परंतु लोकप्रिय कथा-मालिकांतही हाच कल ठळक दिसतो.

खालच्या खणातील कौटुंबिक कादंबऱ्यांत तर दत्तकपण म्हणजे ऐन लग्नमांडवात फुटणारे गुपित. वाचनालयाने प्रत्येक पुस्तकात परिचयाची हस्तलिखित चिठ्ठी ठेवली आहे आणि तीत हे गुपित बिनदिक्कत सांगून टाकले आहे; त्यानंतर वाचण्यासारखे फारसे उरत नाही. खानदेशात पुतण्याला दत्तक घेतलेली घरे गावोगावी आहेत, आणि ती गोष्ट सबंध भावकीला ठाऊक असते. तेथे खरा ताण सातबाऱ्यावर नाव लागण्याचा असतो, ज्याला या कादंबऱ्या शिवतही नाहीत. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मूल सोपवणाऱ्या पालकांना फेरविचारासाठी ६० दिवस मिळतात आणि दत्तकाचा आदेश देताना मुलाच्या वयानुसार त्याची इच्छाही विचारात घ्यावी लागते. त्या ६० दिवसांवर एखादी कादंबरी या कपाटात असती तर ती मी आधी उचलली असती.

सभासदत्व घेण्याजोगे आहे, वरचे दोन खण विशेषतः मोठ्या मुलांसाठी. दत्तक पालकांनी खालच्या खणाच्या वाटेला जाऊ नये. चिठ्ठ्या बदलाव्यात आणि दत्तक घरातील रोजच्या जगण्याविषयीची पुस्तके मागवावीत, असे मी सूचनावहीत लिहिले आहे. ग्रंथपालबाईंनी त्याखाली सही करून पुढील खरेदीत विचार करू, असे सांगितले.