बंपर पांढरट पडलाय: पॉलिश, रिस्टोरर, कोटिंग, हीट गन की सरळ रंग?

बोलेरो असो, स्कॉर्पिओ असो की जुनी वॅगनआर, चार-पाच उन्हाळे उघड्यावर काढले की पत्र्याला फारसं काही होत नाही, काळं प्लॅस्टिक मात्र राखाडी पडतं. बंपरचे कोपरे, चाकांवरचं क्लॅडिंग (प्लॅस्टिकचं आवरण), आरशांची बुडं, वायपरखालची जाळी. नाशिकच्या सिडको-इंदिरानगरमधल्या जुन्या सोसायट्यांत छपराखालचं पार्किंग मिळणं नशिबाचा भाग, त्यामुळे हे दुखणं घरोघरचं. उपायही घरोघरचे: शेजारी म्हणतो टायर पॉलिश मार, मेहुणा म्हणतो हीट गन फिरव, गॅरेजवाला म्हणतो रंगवूनच टाकू. यातला एकही उपाय सरसकट खोटा नाही. प्लॅस्टिक किती गेलंय आणि गाडी अजून किती वर्षं ठेवायचीय, एवढं ठरलं की निवड जवळजवळ आपोआप होते.

बंपर आणि क्लॅडिंग बहुतेक गाड्यांत पॉलिप्रॉपिलिनचं, म्हणजे पीपीचं असतं. पार्ट काढून आतल्या बाजूला पाहिलं तर तसा शिक्काच सापडतो. न रंगवलेल्या भागांचा काळा रंग वरून मारलेला नसतो, तो प्लॅस्टिकमध्येच मिसळलेला असतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरचा अगदी पातळ थर ठिसूळ होतो, त्याला बारीक भेगा पडतात आणि त्यावरून उजेड विखुरला की काळं पांढरट दिसतं. आत काळा शाबूत असतो.

म्हणूनच पैसे खर्च करण्याआधी एक फुकटची परीक्षा करा. जागा साबणाने धुऊन वाळू द्या आणि ओलं फडकं फिरवा. ओलं असेपर्यंत सगळीकडे सारखं काळं दिसलं, तर रिस्टोरर (प्लॅस्टिक पुन्हा काळं करणारं द्रावण) किंवा कोटिंगने काम भागेल. ओलं करूनही डाग-डाग राहिले, कोरड्यावर बोट घासल्यावर खडूसारखी भुकटी लागली, किंवा खरचटल्याचे खोल ओरखडे असतील, तर बाटलीतल्या कुठल्याही द्रावणाकडून फार आशा धरू नका. तिथे रंग किंवा नवा पार्ट.

या परीक्षेत आणखी एक गोष्ट कळते. पुष्कळदा पांढरेपणा उन्हाचा नसतोच. पॉलिशवाल्याने पत्र्यावर पॉलिशचं कंपाउंड घासताना ते प्लॅस्टिकच्या दाण्यांत अडकून वाळलेलं असतं, किंवा बोअरच्या पाण्याचे क्षार बसलेले असतात. जुना टूथब्रश, कोमट पाणी आणि शॅम्पू घेऊन घासलं की निम्मं काम होतं. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागेत उभ्या राहणाऱ्या पिकअपवर बोर्डोचे निळसर ठिपके असतात. मोरचूद आणि चुन्याचं ते मिश्रण वाळलं की नुसत्या पाण्याने हलत नाही, पण व्हिनेगरच्या पातळ पाण्याने सुटतं. नंतर साध्या पाण्याने भरपूर धुवा.

टायर पॉलिश, खोबरेल आणि डिझेल

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात झटपट. पॉलिशमधलं सिलिकॉन किंवा तेल त्या भेगांत भरतं, म्हणजे ओल्या फडक्याने जे झालं तेच थोडं जास्त दिवस टिकतं. जास्त म्हणजे पुढच्या दोन-चार धुण्यांपर्यंत. जूनमध्ये कसारा घाट एकदा पावसात ओलांडला की विषय संपला. घ्यायचंच असेल तर पाण्यावर आधारित, दुधासारखं दिसणारं पॉलिश घ्या. चिकट, तेलकट प्रकारावर धूळ अशी बसते की दोन दिवसांत बंपर आधीपेक्षा वाईट दिसतो. खोबरेलाचंही तेच. डिझेलचा बोळा फिरवायची जुनी सवय मात्र सोडाच. त्याने दाराची रबरं फुगतात, वास जात नाही आणि पुढे खरं काम करायचं ठरलं तर तो तेलकटपणा काढता काढता नाकी नऊ येतात. गाडी विकायला काढलीय आणि उद्या गिऱ्हाईक येणार, एवढ्यापुरतं पॉलिश ठीक. स्वतः वापरायच्या गाडीला हा रोजचा रतीब कशाला घालायचा?

रिस्टोरर की सिरॅमिक कोटिंग

बहुतेकांची खरी निवड या दोघांत आहे, म्हणून इथे जरा थांबू.

ट्रिम रिस्टोरर म्हणून जे मिळतं त्यातल्या चांगल्या प्रकारात काळं रंगद्रव्य असतं. ते भेगांत बसतं आणि डागाळलेलं प्लॅस्टिक एकसारखं करतं. चुका पोटात घालणारा प्रकार आहे हा: एखाद्या जागी कमी लागलं तर पुन्हा लावता येतं, जास्त झालं तर पुसता येतं. सिरॅमिक कोटिंग बहुधा पारदर्शक असतं. ते वाळून कडक थर होतं, पाणी त्यावरून घरंगळतं आणि ते रिस्टोररपेक्षा जास्त काळ टिकतं. पण खालचं जसं आहे तसंच ते कायम करतं. डाग राहिला असेल तर डागासकट. शिवाय लावल्यावर मिनिटाभरात जास्तीचं पुसलं नाही तर चकचकीत ओघळ राहतात, आणि वाळल्यावर ते काढायला घासकाम करावं लागतं.

एकट्याने, पहिल्यांदाच करणार असाल तर माझं मत रिस्टोररला. गाडी दोन-तीन वर्षांची, प्लॅस्टिक नुकतंच फिकं व्हायला लागलेलं, तर कोटिंगला, कारण तिथे झाकायचं काही नसतं, राखायचं असतं. दुकानदार दोन्हींना सर्रास 'सिरॅमिक' म्हणून विकतात. बाटलीतला द्रव काळा आहे की पाण्यासारखा, एवढं बघितलं तरी कळतं काय घेतोय ते. वर्षानुवर्षं टिकण्याचे जे आकडे खोक्यावर छापलेले असतात, ते उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी निम्मे धरून चाला.

दोन्हींत यश तयारीवर आहे, कंपनीवर नंतर. धुवा, ब्रशने घासा, सांध्यांत अडकलेलं पाणी पूर्ण वाळू द्या. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या पांढऱ्या फडक्याने पुसा. पहिल्या फडक्यावर जो तपकिरी चिकटा निघतो तो बघितल्यावर नुसतं धुऊन का भागत नाही ते समजतं. फडकं स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहायचं. अल्कोहोल नाही म्हणून घरातलं सॅनिटायझर वापरू नका, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं आणि तेच मागे राहतं. पत्र्याच्या कडेला मास्किंग टेप लावा आणि हातमोजे घाला, नाहीतर रंगद्रव्य नखांच्या कडेला आठवडाभर मुक्काम करतं.

वेळही सांभाळा. एप्रिलमधल्या दुपारी बंपरला हात लावून बघा: चटका बसत असेल तर द्रव पसरायच्या आत वाळणार आणि पट्टे उठणार. सकाळी, सावलीत, थंड प्लॅस्टिकवर काम करा. कोटिंग लावल्यावर निदान एक दिवस पाणी लागू द्यायचं नाही, म्हणजे श्रावणसरींत हा उद्योग नको. ऑक्टोबरनंतर पाऊस सरला की उत्तम.

हीट गन

हे बघायला जादू वाटतं. गरम हवेचा झोत फिरतो तसा राखाडी बंपर डोळ्यांदेखत काळा होत जातो. होतं असं की वरचा ठिसूळ थर वितळून भेगा मिटतात. पण उन्हाला तोंड देणारं जे रसायन मुळात प्लॅस्टिकमध्ये होतं ते संपलेलं असतं, आणि उष्णतेने ते परत येत नाही. काही महिन्यांत पांढरेपणा पुन्हा येतो. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा केलं की दाणेदार पोत सपाट होऊन चट्टे चमकतात.

पॉलिप्रॉपिलिन 160 अंशांच्या आसपास वितळतं आणि हीट गनचा झोत 500 अंशांच्याही पुढे जातो. हात एका जागी थबकला की पार्ट वाकलाच. वायपरखालच्या पातळ जाळीवर हे करू नका, शेजारी काच आहे. मागच्या बंपरमध्ये पार्किंग सेन्सर असतात, त्यांच्या जवळपासही नको. जाड क्लॅडिंग, हात बसलेला माणूस आणि लगेच वरून कोटिंग, असं जुळत असेल तर एकदा करायला हरकत नाही. हेअर ड्रायरने काहीच होत नाही, घरच्यांशी वाद तेवढा होतो.

स्प्रेने रंगवणं

ओल्या फडक्याच्या परीक्षेत नापास झालेल्या प्लॅस्टिकला हाच घरगुती उपाय उरतो. चांगला झाला तर तो बाकी सगळ्यांपेक्षा जास्त टिकतो, बिघडला तर सगळ्यांपेक्षा वाईट दिसतो. पॉलिप्रॉपिलिनला रंग धरत नाही, आणि घरी मारलेला रंग पापुद्रे सुटून निघतो त्याचं कारण जवळजवळ नेहमी हेच: प्लॅस्टिकसाठीचा प्रायमर वगळलेला असतो. दुकानात साधा राखाडी प्रायमर पुढे करतील, तो नको. 'प्लॅस्टिक प्रायमर' किंवा 'अ‍ॅडहिजन प्रमोटर' (Adhesion Promoter) असं स्पष्ट लिहिलेला कॅन मागा. धुणं-पुसणं वरच्यासारखंच, मग 400 ते 600 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासून, पुन्हा पुसून प्रायमर, आणि त्यावर मॅट किंवा सॅटिन काळ्याचे दोन-तीन पातळ हात. चकचकीत काळा घेऊ नका, क्लॅडिंग लगेच रंगवलेलं दिसतं.

शक्य असेल तर पार्ट काढून गच्चीवर रंगवा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये संध्याकाळचं वारं सुटलं की काळा तुषार शेजारच्या पांढऱ्या गाडीवर जातो, आणि मग रिस्टोररच्या दहा बाटल्यांचा खर्च शेजाऱ्याच्या पॉलिशवर होतो. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे सकाळचा पारा उतरलेला असतो, तेव्हा ऊन वर येईपर्यंत थांबा, गारठ्यात रंग नीट सुकत नाही. गाडी रोज खडीच्या रस्त्याने शेतावर जात असेल तर खडे लागून खालच्या कडेचा रंग टवके उडून जाणारच. अशा गाडीला मी रंग सुचवणार नाही. दर मोसमाला रिस्टोरर बरा.

नवा पार्ट

पूर्ण बंपरला नाही, पण छोट्या भागांना याचा हिशेब जरूर करा. दाराची पट्टी, आरशाचं बूड, वायपरखालची जाळी यांच्या किमती दुकानात आधी विचारा. प्रायमर, रंग, पेपर आणि टेप यांची बेरीज पुष्कळदा नव्या जाळीच्या आसपास जाते, वर एक रविवार वाचतो. क्लिपा पार्टसोबतच मागून घ्या, जुन्या क्लिपा उन्हाने कडक झालेल्या असतात आणि काढतानाच तुटतात.