इंग्रजी संभाषणाच्या वर्गासाठी चर्चेचे विषय: आठ महिने वापरून काय टिकलं, काय गळलं

वापर असा: प्रौढांचे वर्ग, ६० मिनिटांचं सत्र, आठवड्यातून दोनदा, एका वेळी ८ ते १२ जण, पातळी ए२ ते बी२ (भाषेच्या युरोपीय मोजपट्टीवरच्या पायऱ्या: ए२ प्राथमिक, बी१ मध्यम, बी२ त्याच्या वरची). विषय मिळवायचे पाच मार्ग आलटून पालटून वापरले: इंटरनेटवरच्या तयार प्रश्नयाद्या, बातम्या, चित्रं, क्रम लावायची किंवा निर्णय घ्यायची कामं आणि शिकणाऱ्यांनीच सुचवलेले विषय. चर्चा रंगणार की नाही, यात विषयाचा वाटा वाटतो त्यापेक्षा बराच कमी निघाला. त्या विषयावर नेमकं करायचं काय, हे ठरलेलं असलं की सामान्य विषयही चालतो. ते ठरलेलं नसलं तर भारीतला विषयही दोन मिनिटांत विझतो.

सुरुवात तयार याद्यांपासून, कारण सगळेच तिथून करतात. 'द इंटरनेट टीईएसएल जर्नल' या इंग्रजी शिक्षकांसाठीच्या ऑनलाइन नियतकालिकाच्या प्रश्नयाद्या शेकडो विषयांवर आहेत आणि फुकट आहेत. हे नियतकालिक १९९५ ते २०१० चाललं, त्यामुळे तंत्रज्ञानावरचे प्रश्न आता जुनाट वाटतात. बाकीचे कामाचे आहेत. अडचण वेगळीच आहे. चाळीस प्रश्नांचा कागद हातात दिला की माणसं पहिल्यापासून वाचत सुटतात. एक विचारतो, दुसरा 'येस, आय लाइक' म्हणतो, लगेच पुढचा प्रश्न. चर्चेची मुलाखत होते, मुलाखतीची हजेरी होते. उपाय सोपा आहे: यादीतून सहाच प्रश्न निवडा, ते सुट्या चिठ्ठ्यांवर लिहा आणि एका वेळी एकच चिठ्ठी उलटू द्या. निवडताना ज्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' वर थांबू शकतं तो प्रश्न गाळा. 'डू यू लाइक ट्रॅव्हलिंग?' गेला. 'प्रवासाला निघताना तुम्ही कोणती वस्तू हमखास विसरता आणि मग काय करता?' राहिला.

याच मापाने मोठे विषय सपाटून आपटतात. पर्यावरण, तंत्रज्ञान, समाजमाध्यमांचे फायदे-तोटे. कारण उघड आहे: सगळ्यांचं मत आधीच एक असतं. 'वी शुड सेव्ह द एन्व्हायर्न्मेंट' म्हटल्यावर पुढचा माणूस काय बोलणार? री ओढणार. शिवाय अशा विषयांना भाववाचक नामं लागतात आणि बी१ पातळीच्या माणसाकडे ती तोंडावर नसतात, म्हणून तो गप्प बसतो आणि आपल्याला वाटतं त्याला विषयात रस नाही. छोटे विषय मात्र लांब चालतात. रांगेत मध्येच घुसणारा माणूस, नको असलेली भेटवस्तू, वरच्या मजल्यावरचा आवाज, हरवलेली किल्ली, झोप, न वापरता ठेवून दिलेल्या वस्तू. प्रत्येकाकडे यावर सांगण्यासारखं काहीतरी असतं आणि ते शेजारच्याला माहीत नसतं.

सगळ्यात जास्त टिकलेला प्रकार म्हणजे क्रम लावायचं काम. एक नमुना पूर्ण देतो. विषय: उसनं देणं. फळ्यावर सहा गोष्टी लिहा: छत्री, पुस्तक, मोबाइल, गाडी, पैसे, पासवर्ड. पहिली दीड मिनिटं प्रत्येकाने एकट्याने, न बोलता, सहज देईन ते १ आणि कधीच देणार नाही ते ६ असा क्रम कागदावर लिहायचा. ही पायरी गाळू नका. कागदावर आकडा पडला की माणूस त्या आकड्याला चिकटून राहतो; नाही तर पहिला जो बोलतो त्याच्यामागे सगळे जातात. मग तिघातिघांनी मिळून एकच क्रम ठरवायचा, आठ मिनिटं. त्यानंतर अट बदला: 'मागणारा माणूस शाळेतला मित्र आहे, दहा वर्षांनी भेटलाय.' क्रम हलतो, पाच मिनिटं आणखी मिळतात. मग प्रत्येक गटातला एकजण दुसऱ्या गटात जातो, आपला क्रम सांगतो आणि त्यांच्या क्रमावर तीन प्रश्न विचारतो. शेवटची दहा मिनिटं भूतकाळाची: उसनी दिलेली एखादी वस्तू परत आली का, कोणत्या अवस्थेत आली. सूचना आणि उठबस धरून पस्तीस मिनिटं सहज जातात.

यात हमखास अडतं ते 'बॉरो' (उसनं घेणं) आणि 'लेंड' (उसनं देणं) वर. 'कॅन यू बॉरो मी युवर पेन' असं वाक्य निम्मे लोक बोलतात. म्हणून सुरू करण्याआधी चारच गोष्टी फळ्याच्या कोपऱ्यात हव्यात: 'बॉरो फ्रॉम', 'लेंड टू', 'गिव्ह बॅक' आणि 'इट डिपेंड्स ऑन'. चारच, कारण आठ लिहिल्या की लोक बोलायच्या ऐवजी वहीत उतरवून घेतात. वस्तू सहाच का? चारचा क्रम दोन मिनिटांत लागतो आणि दहा असल्या तर यादी समजून घेण्यातच वेळ जातो.

गट तिघांचा ठेवा. जोडीत एक बोलका आणि एक लाजरा आला की गाडी अडते. चौघांत एकजण हळूच अंग काढून घेतो. सतत बोलणाऱ्याला आवरायला 'प्रत्येकाला पाच टोकन' (दर बोलण्याला एक टाकायचं) हा उपाय दोनदा चालतो, तिसऱ्या वेळी मोठ्या माणसांना तो पोरकट वाटतो. त्यापेक्षा त्याला गटाचा वार्ताहर करा: शेवटी त्याने फक्त इतर दोघांची मतं सांगायची. ऐकल्याशिवाय त्याला गत्यंतर नसतं.

बातम्यांबद्दल मत संमिश्र आहे. ताजी बातमी आणली की वर्ग जागा होतो, पण वाचनात वीस मिनिटं जातात आणि बोलायला वेळ उरत नाही. मजकूर न अडखळता वाचायचा तर त्यातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, असा भाषाशिक्षणात रूढ असलेला हिशेब आहे. म्हणजे २०० शब्दांच्या बातमीत अनोळखी शब्द चारच. नेहमीच्या वर्तमानपत्रातली बातमी बी१ साठी या हिशेबात बसत नाही. व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी प्रसारण संस्थेने १९५९ मध्ये सुमारे दीड हजार शब्दांच्या मर्यादेत, संथ वाचनात बातम्या द्यायला सुरुवात केली ती याच अडचणीमुळे. त्या धर्तीचा सोपा मजकूर घ्यावा. मथळा दाखवून आतली बातमी काय असेल ते ओळखायला लावणं हे पूर्ण बातमी वाचण्यापेक्षा जास्त बोलतं करतं. मजकूर नंतर, घरी.

चित्रं ए२ साठी उत्तम, बी२ ला पंधरा मिनिटांत संपतात. यापेक्षा जास्त सांगण्यासारखं नाही.

एआयकडून प्रश्न मागवले तर 'तंत्रज्ञानाने आपलं आयुष्य कसं बदललं?' छापाचे गुळगुळीत प्रश्न येतात. मागणी नेमकी करा: पातळी, गटात किती जण, प्रत्येक प्रश्नावर दोन समंजस माणसांत मतभेद व्हायला हवा आणि उत्तरात एक निवड करावी लागली पाहिजे. वीस मागवून चार ठेवले तर हिशेब बरोबर बसतो.

नाजूक विषयांचं काय? इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशनात टाळायच्या विषयांची 'पार्स्निप' नावाची (त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून) एक खुणेची यादी सांगितली जाते: राजकारण, मद्य, धर्म, लैंगिकता, अमली पदार्थ, निरनिराळे 'वाद' (साम्यवादासारखे) आणि डुकराचं मांस. यामुळे पुस्तकं मिळमिळीत होतात हे खरं, पण प्रौढांच्या वर्गात खरा धोका बऱ्याचदा या यादीबाहेर असतो. 'लहानपणीची आठवण सांगा', 'तुम्हाला मुलं किती?', 'तुमची नोकरी काय?' हे निरुपद्रवी वाटणारे प्रश्न समोरच्याच्या दुखऱ्या जागेवर पडू शकतात. दोन गोष्टी कराव्या: कोणतीही चिठ्ठी कारण न देता परत ठेवायची मुभा पहिल्याच दिवशी जाहीर करणं आणि नाजूक प्रश्न तिसऱ्याच माणसावर घालणं. 'तुम्ही काय केलं असतं?' ऐवजी 'एका माणसाला असं कळलं की... त्याने काय करावं?'

अस्खलितपणासाठी ४-३-२ ही जुनी कसरत कोणत्याही विषयाला जोडता येते: तीच गोष्ट तीन वेगळ्या श्रोत्यांना आधी चार, मग तीन, मग दोन मिनिटांत सांगायची. ए२ ला चार मिनिटं झेपत नाहीत, तिथे ३-२-१ करा. श्रोता बदलायलाच हवा. त्याच माणसाला तीनदा ऐकवलं तर दोघेही कंटाळतात. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत बोलण्याच्या भागात विषयाची जी कार्डं देतात तीही यासाठी चालतात (एक मिनिट तयारी, मग एक ते दोन मिनिटं बोलणं), पण परीक्षेला बसणारे लोक पाठ केलेलं म्हणून दाखवतात. त्यांच्यासाठी कार्डावरचा एक मुद्दा ऐनवेळी बदला.

चर्चा चालू असताना चुका सुधारू नका. कानावर पडलेली पाच वाक्यं टिपा, तीन चुकीची आणि दोन चांगली, आणि शेवटच्या सात मिनिटांत नाव न घेता फळ्यावर लिहा. कोणती चुकीची हे वर्गालाच ओळखू दे. यावर कधी कधी मूळ विषयापेक्षा जास्त वाद होतो.

शेवटचं, नोंदींबद्दल. प्रत्येक चिठ्ठीच्या मागे तारीख, गटाची पातळी, किती मिनिटं चालली आणि कुठला शब्द अडला एवढं लिहून ठेवा. एका गटात फसलेली चिठ्ठी लगेच फेकू नका. कधी पावसाळी संध्याकाळ नडते, कधी अर्धा वर्ग थकून आलेला असतो. दोन वेगळ्या गटांत चार मिनिटांच्या आत विझली तर मात्र फाडा, मग ती तुमची कितीही लाडकी असो.