पुरंदरची एकदिवसीय सहल: पिठलं झकास, गाईड अर्धाच

पुण्याहून माणशी अकराशे रुपये, त्यात नाश्ता, जेवण आणि गाईड. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, मुलं नवीन आहेत, होतकरू आहेत. गाडी वेळेवर निघाली, ड्रायव्हर सभ्य. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे गेटवर ओळखपत्र दाखवावं लागतं, ते जवळ ठेवा.

मुरारबाजी सांगताना त्या मुलाने अंगावर काटा आणला. १६६५चा तह, तेवीस किल्ले, सगळं तोंडपाठ. पण माचीवरच्या पडक्या चर्चपाशी आलो आणि गडी गारठला. "इंग्रज इथं हवा खायला यायचे, काकू." म्हटलं, दुसऱ्या महायुद्धात इथे कोण होतं? तर म्हणे, "तेव्हा काही नव्हतं." आणि सेल्फीला दहा मिनिटं!

तर पुढच्या बॅचसाठी लिहिते. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पुकारलं गेलं आणि इंग्रज सरकारने हिंदुस्थानातले जर्मन उचलले. हिटलरच्या तावडीतून पळून आलेले ज्यूसुद्धा त्यांत आले. जर्मनीने १९३८ मध्ये ज्यांच्या पासपोर्टावर लाल 'जे' (म्हणजे ज्यू) ठोकला, त्यांना इथे 'जर्मन' म्हणून धरलं. नगरच्या छावणीत नाझी आणि ज्यू एकत्र! चौकशीनंतर बरेच सुटले, पण १९४० मध्ये फ्रान्स पडायच्या सुमारास पुन्हा धरपकड झाली. नंतर देवळाली, डेहराडून. काहींना बायकामुलांसह पॅरोलवर ठेवलं, ते साताऱ्यात आणि इथे, पुरंदरावर. नोव्हेंबर १९४१ मध्ये तर जर्मनीने देशाबाहेरच्या ज्यूंचं नागरिकत्वच काढून घेतलं. तरी इंग्रजांच्या कागदावर ते शत्रूच.

माझा जन्म कोर्टात स्टेनोगिरी करण्यात गेला, म्हणून हे डोक्यातून जात नाही. अटक केलेल्या माणसाला कारणं कळवलीच पाहिजेत, असं आपल्या संविधानाचं कलम २२ सांगतं. पण त्याच कलमात शत्रुदेशीयाला त्यातून वगळलंय. म्हणजे पुरंदरावरच्या तशा माणसाला आजही ती तरतूद वाचवणार नाही. आणि अलीकडचंच घ्या ना, मार्च २०२१ मध्ये जम्मूत म्यानमारहून पळून आलेल्या दीडशेहून जास्त रोहिंग्यांना हिरानगरच्या तुरुंगात टाकलं. सरकारने सुरक्षेचा मुद्दा मांडला. सर्वोच्च न्यायालयात तेव्हाचे सरन्यायाधीश, आपल्या नागपूरच्या बोबडेंच्या खंडपीठाने सुटकेचा अंतरिम अर्ज फेटाळला, कायदेशीर प्रक्रियेशिवाय परत पाठवू नका एवढं सांगितलं. प्रत्येकाच्या विरुद्ध वेगळा पुरावा काय, हे मला त्या आदेशात सापडलं नाही. संशय घ्या हो, पण माणसागणिक घ्या.

असो. नारायणपूरला पिठलं, भाकरी आणि खरडा, हात आखडता न घेता वाढतात. ताक मात्र पाणचट.

पाचपैकी तीन तारे. गुडघे दुखत असतील तर केदारेश्वराच्या पायऱ्यांचा नाद सोडा, माचीवरच थांबा. गाईडला युद्धकाळातल्या बराकींबद्दल विचारा, चार जणांनी विचारलं की तो वाचून तयारी करेल.