आधी कॅमेरा की आधी पान? ठाण्यात राहून मासिक काढायला शिकताना

ठाण्यात लिहिणाऱ्यांची वानवा नाही. १८९३ सालापासून मराठी ग्रंथसंग्रहालय असलेलं हे गाव. सोसायटीचा वार्षिक अंक, ट्रेकिंग ग्रुपची पत्रिका, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा दिवाळी अंक, असं काहीतरी दर वर्षी कुठे ना कुठे शिजत असतं. मजकूर जमतो, जाहिरातीही थोड्याफार मिळतात. अडतं ते पुढे. फोटो कोण काढणार आणि पानं कोण लावणार? मग गटातलं कुणीतरी पुढे येतं आणि म्हणतं, मी शिकते. नोकरी सांभाळून हातात शनिवार-रविवार, त्यातलाही अर्धा दिवस घरच्या कामांत जातो. म्हणजे पहिल्या वर्षी एकच गोष्ट नीट शिकून होणार. फोटोग्राफी की डिझाइन, म्हणजे पानांची मांडणी?

माझं मत सुरुवातीलाच सांगते: आधी पानाची मांडणी शिका. फोटोग्राफी तिच्या जोडीने, गरजेपुरती. याला एक अपवाद आहे, तो शेवटी येईल.

कारण साधं आहे. दहा जणांच्या गटात दहा फोन असतात आणि बहुतेक वेळा एखाद्याकडे चांगला कॅमेराही असतो. चांगला फोटो मागून मिळतो. पण अंक लावणारा माणूस दोन-तीन महिने सलग लागतो. लेख उशिरा येतो, जाहिरात ऐन वेळी रद्द होते, एक पान रिकामं पडतं, आणि प्रत्येक वेळी सगळं पुन्हा जुळवावं लागतं. हे काम बाहेर दिलं तर दर दुरुस्तीला फोन आणि दर फोनला दोन दिवस. गटातल्याच कुणाला ते येत असेल तर अंकाचा जीव वाचतो.

आता फोटोग्राफीची बाजू. शिकावं असं त्यात खूप आहे, पण नव्या माणसाला जे अडेल असं वाटतं ते सहसा अडत नाही. लोकांना वाटतं, छपाईसाठी महागडा कॅमेरा हवाच. हिशेब करून बघा. ए-फोर आकाराचं पूर्ण पान ३०० डीपीआयने, म्हणजे दर इंचात ३०० ठिपके धरून, छापायचं तर फोटो २४८० बाय ३५०८ पिक्सेलचा लागतो, म्हणजे जेमतेम ९ मेगापिक्सेल. साधा १२ मेगापिक्सेलचा फोन त्याहून मोठा फोटो देतो. भर उजेडात मासुंदा तलावाच्या काठावर काढलेला फोनचा फोटो पानभर छापला तरी लाजवत नाही. तो लाजवतो तेव्हा दोष वाटेत असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते, आणि ३०० डीपीआयने ती कागदावर साडेतेरा सेंटिमीटरच भरते. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर आहे तसा येतो. ही गोष्ट फोटोग्राफीच्या वर्गात क्वचितच कुणी सांगतं. पानं लावायला बसलात की पहिल्याच आठवड्यात कळते.

फोन खरोखर कुठे कमी पडतो? गडकरी रंगायतनमध्ये प्रयोग चालू आहे, फ्लॅश चालणार नाही, नट हलतोय आणि तुम्ही आठव्या रांगेत आहात. तिथे मोठा सेन्सर, जास्त प्रकाश आत घेणारं उघडं अ‍ॅपर्चर आणि वर नेलेला आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) यांना पर्याय नाही. किंवा खाडीतला पक्षी दोनशे फुटांवर आहे. अशा वेळी कॅमेराही लागतो आणि तो हाताळायची सवयही. ५० मिलिमीटरची १.८ वाली, म्हणजे छिद्र चांगलंच उघडणारी, लेन्स बाकी लेन्सांच्या मानाने स्वस्त असते आणि रंगमंच, घरातली मुलाखत, एखाद्या कारागिराचे हात, एवढं सगळं तिच्यात बसतं. लांबची लेन्स विकत घेऊ नका, दोन दिवसांसाठी भाड्याने मिळते.

शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ यांचं गणित चार रविवारांत समजतं. प्रकाश ओळखायला वर्षं लागतात. ठाण्यात त्याचा सराव फुकट होतो. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत भर उन्हात नाकाखाली काळी सावली पडलेले चेहरे टिपण्यापेक्षा मिरवणूक एखाद्या इमारतीच्या सावलीत येईपर्यंत थांबलात, तर तेच चेहरे, तेच फेटे आणि नऊवारी अगदी वेगळी दिसतात.

पण वर्गात शिकवतात तो एकेका फोटोचा विचार. मासिकाला लागतो तो पानाचा. मुखपृष्ठाचा फोटो उभा हवा आणि वर अंकाच्या नावाला मोकळी जागा हवी, म्हणजे आकाश किंवा भिंत जास्त घेऊन फ्रेम धरायची. दोन पानांवर पसरणारा फोटो असेल तर मधल्या घडीत कुणाचा चेहरा येता कामा नये. एका लेखाला एकच सुंदर फोटो पुरत नाही. एक लांबून, एक माणसाजवळून, एक अगदी जवळून बारकाव्याचा, असा संच लागतो. शिवाय कागद. साध्या, चकाकी नसलेल्या मॅपलिथो कागदावर शाई पसरते आणि फोटो स्क्रीनवर दिसतो त्याहून गडद उतरतो. सावलीतले भाग आधीच थोडे उजळून द्यावे लागतात. गुळगुळीत आर्ट पेपरवर हा त्रास कमी. मांडणी शिकलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर फोटो काढतानाच पान असतं. म्हणूनही माझा क्रम तो आहे.

मांडणीविषयी मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण मराठी अंक काढणाऱ्याला इथेच खरी मदत लागते आणि इथेच ती सर्वात कमी मिळते.

ग्राफिक डिझाइनचे बहुतेक छोटे कोर्स लोगो, पोस्टर आणि सोशल मीडियाच्या चौकटी शिकवतात, तेही रोमन लिपीत. ते वाया जात नाही. रंग, रिकामी जागा, लहान-मोठं यांचं भान त्यातूनही येतं. पण सहा पानांचा मराठी लेख लावायला बसलात की प्रश्न निराळे असतात. पानं लावायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मराठी (फोनवर टाइप करतो तीच) टाकली आणि वर्ल्ड-रेडी कंपोजर हा पर्याय निवडलेला नसेल, तर जोडाक्षरं सुटतात, र्‍हस्व वेलांटी भलत्या अक्षरामागे जाते. एका सेटिंगचा प्रश्न, पण ते ठाऊक नसल्यामुळे मराठीसाठी हे सॉफ्टवेअर चालतच नाही असं समजणारे लोक मला भेटले आहेत. स्क्रायबस हे याच कामाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याच्या १.६ आवृत्तीत देवनागरी नीट जुळते. पैसे न घालता शिकायचं तर सुरुवात तिथून करा.

मग ओळींमधलं अंतर. देवनागरीत वर मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार. इंग्रजीच्या सवयीने १२ पॉइंटच्या अक्षराला १४ पॉइंटची ओळ दिली की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफारावर आदळतो. मी १७-१८ पॉइंट देते. रकान्यांचंही तसंच. इंग्रजी मासिकासारखे तीन अरुंद रकाने केले आणि दोन्ही कडा सरळ ठेवल्या, की मराठीतले लांब शब्द ओळीत मावत नाहीत आणि शब्दांमध्ये मोठाले खड्डे पडतात. दोनच रकाने ठेवा. डोळा सुखावतो आणि प्रूफ वाचणाऱ्यालाही सोपं जातं.

अक्षरं निवडताना आज आपण खरंच भाग्यवान आहोत. विंडोजवरचा मंगल हा टाईप (फॉन्ट) र. कृ. जोशींसारख्या सुलेखनकाराच्या हातून आला. पण तो पडद्यासाठी. छापील मजकुराला तो वापरू नये असं मला वाटतं. मुंबईच्या एक टाईप या गटाचा मुक्त मोफत आहे आणि सात जाडींत मिळतो. मथळे, चौकटी, फोटोओळी यांना उत्तम. लांब मजकुराला टिरो देवनागरी मराठी घेऊन बघा. तोही मोफत, आणि खास मराठीसाठी बेतलेला आहे. त्याला ठळक जाडी नाही, म्हणून मथळ्यांना दुसरा टाईप लागतोच. कुठलाही टाईप पक्का करण्यापूर्वी ल आणि श तपासा. मराठी वळणाचा ल आणि श हिंदीहून वेगळे आहेत, आणि राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयातही मराठी वळणच दिलेलं आहे. वाचकाला कारण सांगता येत नसेल, पण हिंदी वळणाचं पान त्याला परकं वाटतं.

आणखी एक जागा जपण्याची. लेखक फोनवर युनिकोडमध्ये लिहितात; काही डीटीपीवाले, म्हणजे संगणकावर पानं लावून देणारे, अजूनही युनिकोडच्या आधीच्या श्रीलिपीसारख्या पद्धतीत काम करतात. मजकूर एकातून दुसऱ्यात नेला की काही अक्षरं हमखास बदलतात. बदलल्यानंतर पूर्ण मुद्रितशोधन पुन्हा करावं लागतं. आधी वाचलंय म्हणून सोडू नका.

शिकायचं कुठे, हे तुमच्या वयावर आणि वेळेवर ठरेल. बारावी झालेल्या मुलामुलीने मासिकं, पुस्तकं, जाहिराती याच कामात आयुष्य घालवायचं ठरवलं असेल तर पदवीच घ्यावी. सीएसएमटीजवळची सर ज. जी. उपयोजित कला संस्था हे त्यासाठीचं जुनं, नावाजलेलं ठिकाण, अभ्यासक्रम चार वर्षांचा. नवी मुंबईत राहणाऱ्यांना खारघरचं निफ्ट, म्हणजे फॅशन तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था, जवळ. तिथला फॅशन कम्युनिकेशनचा चार वर्षांचा अभ्यासक्रम नावावरून वाटतो त्यापेक्षा मोठा आहे, त्यात ग्राफिक्स आणि फोटोग्राफी दोन्ही येतात. मुंबई विद्यापीठाचा बीएएमएमसी हा मल्टिमीडिया आणि मास कम्युनिकेशनचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. त्यात लिहिणं आणि माध्यमं जास्त, हाताने पान लावणं कमी. संपादक व्हायचं असेल तर तो ठीक.

नोकरी करणाऱ्याला यातलं काही उपयोगाचं नाही. त्याच्यापुढे दोन वाटा: शनिवार-रविवारचा खासगी क्लास, नाहीतर छापखाना. क्लास लावणार असाल तर फी देण्याआधी दोन प्रश्न विचारा. देवनागरीत एक तरी पूर्ण लेख लावून घेता का? आणि केलेलं काम शेवटी कागदावर छापून दाखवता का? दोन्हींना हो म्हणणारा क्लास मिळाला तर घराजवळ नसला तरी तोच निवडा. सर्टिफिकेट, एसी लॅब, नवं सॉफ्टवेअर याला मी फारसं महत्त्व देत नाही.

छापखान्याची वाट मला स्वतःला जास्त आवडते. नौपाड्यातल्या किंवा वागळे इस्टेटमधल्या एखाद्या छोट्या प्रेसच्या मालकाला विचारा, मी आठवड्यातून एकदा येऊन बसू का, बदल्यात प्रूफं वाचून देते. मराठी नीट वाचणारा माणूस फुकट मिळतोय म्हटल्यावर बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. तिथे बसून जे कळतं ते क्लासमध्ये लवकर कळत नाही: मधोमध पिन मारायची तर पानांची संख्या चारच्या पटीत का हवी, कडेपर्यंत जाणाऱ्या फोटोला चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारा जादा भाग) का सोडायचं, स्क्रीनवरचा झळझळीत निळा सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, का मरतो. शंभरेक प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई परवडते आणि प्रती वाढल्या की ऑफसेट, म्हणजे प्लेट बनवून केलेली छपाई, हाही हिशेब तिथेच समजतो. उणीव एवढीच की तिथे सौंदर्यदृष्टी शिकवायला कुणाला सवड नसते. ती ग्रंथसंग्रहालयात बसून मिळवा. जुने दिवाळी अंक काढा, पट्टी घेऊन समास मोजा, मथळा आणि मजकूर यांत किती जागा सोडली आहे ते वहीत लिहा.

आता तो अपवाद. अंकाचा विषयच डोळ्यांनी वाचायचा असेल, म्हणजे ऐरोली-सीवूड्सच्या खाडीतले रोहित (फ्लेमिंगो), येऊरची फुलपाखरं, आगरी-कोळ्यांच्या जुन्या घरांचे दरवाजे, तर आधी फोटोग्राफी शिका आणि मांडणी साधी ठेवा. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ साली ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही झालं. पण साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंतच तिथे रोहित मोठ्या संख्येने दिसतात आणि कुठल्या वेळी कुठे दिसतील ते भरती-ओहोटीवर ठरतं. असे फोटो मागून मिळत नाहीत. त्यासाठी हंगामभर कुणीतरी स्वतः जावं लागतं, आणि मग एका पानावर एक फोटो आणि खाली दोन ओळी एवढी मांडणी पुरते.

बाकी सगळ्यांनी यंदाचा दिवाळी अंक डोळ्यांसमोर ठेवून गुढीपाडव्याला सुरुवात करावी. पावसाळ्यापर्यंत स्क्रायबसवर आठ पानांची एक डमी (नमुना अंक), जुनेच लेख वापरून, आणि ती प्रत्यक्ष छापून घ्यायची. जुलैत मजकूर गोळा. ऑगस्टअखेर पानं प्रेसच्या हाती पडलेली बरी, कारण गणपतीपासून दिवाळीपर्यंत छापखान्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते आणि नव्या माणसाच्या दुरुस्त्या तेव्हा कुणी मनावर घेत नाही.